मागचा दिवा

सायकल हे एकट्याचे वाहन आहे, असे मी पुष्कळ वर्षे समजत आलो. बैलगाडीत, टांग्यात, एस.टी.त माणूस चार जणांबरोबर बसतो. सायकलवर त्याला कोणाशी बोलायचे नसते की कोणाची वाट पाहायची नसते. कॅरिअरवर कोणी बसलेच तर त्याचे ओझे होते, सोबत होत नाही. तासाच्या भाड्याने आणलेल्या सायकलीच्या दांड्याखालून पाय घालून मी ती चालवायला शिकलो, तेव्हापासून वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षापर्यंत माझी ही समजूत टिकून होती. मग एका डिसेंबरात पुण्याच्या एका हौशी मंडळाबरोबर मी रेवसहून निघालो आणि किनाऱ्याच्या रस्त्याने रेडीपर्यंत गेलो. सोळा माणसे, नऊ दिवस आणि मागे सामानाचा एक टेम्पो. त्या नऊ दिवसांपैकी एकाच दिवसाविषयी मला लिहायचे आहे. बाकीचे आठ दिवस चांगले गेले.

नकाशावर हा रस्ता समुद्राच्या कडेने जाणारा, म्हणून सपाट असावा असे वाटते. प्रत्यक्षात तसे काहीच नाही. कोकणातली किनाऱ्यावरची गावे खाडीच्या नाहीतर ओढ्याच्या मुखाशी, माडा-पोफळीच्या आगरांत दडून बसलेली असतात आणि दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उंच, उघडा सडा पसरलेला असतो. रस्ता गावातून सड्यावर चढतो, सड्यावरून दुसऱ्या गावात उतरतो आणि देवळापाशी जरा दम घेऊन पुन्हा चढू लागतो. सह्याद्रीतला घाट एकदा चढला की चढला, त्याचे श्रेय कोणी काढून घेत नाही. इथे मात्र दिवसातून चार-पाच वेळा समुद्रसपाटीवर यायचे आणि तितक्याच वेळा मिळवलेली उंची सोडून द्यायची. उतारावर वारा कानांत घुमू लागला की नवख्याला आनंद होतो. दोन दिवस सायकल चालवलेल्या माणसाला त्याच वेळी पुढचा चढ दिसू लागतो. मोठ्या खाड्या आल्या की रस्ताच संपतो. बाणकोट, दाभोळ, जयगड या तिन्ही ठिकाणी आम्ही फेरीबोटीने पलीकडे गेलो. जयगडच्या खाडीवर त्या वेळी पूल नव्हता.

आमच्या मंडळाचे नियम थोडे होते, पण ते कडक होते. त्यांतला मुख्य नियम गार्डचा. रोज एकाने सर्वांच्या मागे राहायचे. सायकलच्या मागच्या बाजूला तांबडा दिवा दिवसाही चालू ठेवायचा, हवा भरायचा पंप आणि जादा ट्यूबा आपल्याजवळ बाळगायच्या आणि काहीही झाले तरी कोणाच्या पुढे जायचे नाही. आगगाडीच्या शेवटच्या डब्यातल्या गार्डवरून हे नाव पडले होते. पुढे माझ्या वाचनात आले की, फ्रान्समध्ये १९०३ पासून होणाऱ्या सायकलींच्या प्रसिद्ध शर्यतीत सर्वांत शेवटी येणाऱ्या स्पर्धकाला ‘तांबडा कंदील’ म्हणतात. तेही आगगाडीच्या शेवटच्या डब्याला लावलेल्या कंदिलावरूनच. त्याच शर्यतीत १९१० पासून सर्वांच्या मागून एक गाडी चालते. ज्याला पुढे जाणे अशक्य होते त्याला ती उचलून घेते आणि गाडीत बसणाऱ्याच्या अंगावरचा क्रमांक काढून ठेवतात. आमच्याकडे कोणाला क्रमांक नव्हते. टेम्पो मात्र होता, आणि कोणी टेम्पोत बसावे हे ठरवण्याचा अधिकार गार्डचा होता. गार्डने सांगितले की वाद न घालता बसायचे. रस्त्यावर कोणाच्या जिवावर बेतू नये म्हणून हा नियम केला होता, आणि तो योग्यच होता.

गार्डची पाळी कोणालाच आवडत नसे. ज्याच्या पायांत जोर आहे त्याला हळू जाण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. माझी पाळी पाचव्या दिवशी आली. त्या दिवशी गुहागरहून गणपतीपुळ्यापर्यंत जायचे होते.

सर्वांत मागे कोण असणार हे पहिल्या दिवसापासून ठरलेले होते. आमच्यात एक एकसष्ट वर्षांच्या ताई होत्या. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेल्या. सायकल त्या शिकल्या त्या निवृत्तीच्या महिन्यात, आपल्या इमारतीच्या आवारात, शेजारच्या मुलांच्या देखरेखीखाली. चढ आला की त्या शांतपणे उतरत, पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधत आणि सायकल ढकलत वर नेत. उतारावर दोन्ही ब्रेक घट्ट धरून येत, त्यामुळे तिथेही त्यांचा वेग फारसा वाढत नसे. दुसऱ्या दिवशी बाणकोटच्या खाडीनंतरच्या चढावर टेम्पोच्या चालकाने त्यांना आपण होऊन गाडीत बसायला सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “रेवसला चाक जमिनीवर टेकले आहे. ते आता रेडीलाच उचलायचे.” संध्याकाळी कोणीतरी थट्टेने विचारले की, मग फेरीबोटीचे काय? त्यांनी थोडा विचार केला. “पाण्यावरचे अंतर कोणीच धरायचे नाही,” त्या म्हणाल्या. “ढकलत नेलेले मात्र धरायचे. चाक फिरते ना?” या निवाड्यावर सगळे हसले आणि सगळ्यांनी तो मान्यही केला. म्हणजे त्यांचा संकल्प मला ठाऊक नव्हता, असे मला म्हणता येणार नाही.

त्या दिवशी माझ्या मनातही एक गोष्ट होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. जयगडहून गणपतीपुळ्याला जाताना वाटेत मालगुंड लागते. केशवसुतांचे हे जन्मगाव. मी महाविद्यालयात वीस वर्षे मराठी शिकवत होतो आणि दर वर्षी आधुनिक मराठी कवितेचा आरंभ सांगताना मालगुंडचे नाव फळ्यावर लिहीत होतो. पण मालगुंड मी पाहिलेले नव्हते. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या पुढाकाराने तिथे उभे राहिलेले स्मारक १९९४ पासून सर्वांसाठी खुले आहे. ते संध्याकाळी बंद होण्यापूर्वी आपण तिथे पोहोचायचे आणि घाई न करता पाहायचे, असे मी घरून निघतानाच ठरवले होते. पाळ्यांची यादी लागली आणि नेमक्या त्याच दिवसापुढे माझे नाव आले, तेव्हा मी मनातून चरफडलो.

गुहागर सोडले तेव्हा नीट उजाडलेही नव्हते. व्याडेश्वराच्या देवळाजवळच्या टपरीवर चहा घेऊन मंडळी निघाली आणि पालशेतच्या अलीकडेच पुढचे सगळे दिसेनासे झाले. मग रस्त्यावर ताई, त्यांच्या मागे वीस हातांवर मी आणि आमच्या मागे कधी घरघरत, कधी थांबून राहणारा टेम्पो. आंब्याला मोहोर येऊ लागला होता. पहिल्या चढावर त्या उतरल्या तसा मीही उतरलो. त्या चालत असताना मी सायकलवर बसून राहणे बरे दिसले नसते. शिवाय इतक्या संथ वेगात सायकलचा तोल राखणे हेही एक कष्टाचेच काम असते.

चढावर माणसे बोलतात, कारण दुसरे काही करण्यासारखे नसते. ताई आपल्या नोकरीविषयी बोलू लागल्या. त्यांच्या टेबलावर प्रवासभत्त्याची बिले येत. कोण अधिकारी कुठून कुठे गेला, किती किलोमीटर गेला, कोणत्या वाहनाने गेला, ते तपासून मंजुरीला पाठवायचे. तेहतीस वर्षांतली बहुतेक वर्षे याच कामात गेली.

“जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची अंतरे मला पाठ होती, सर. कोणी दोन किलोमीटर जास्त लावले तरी कळायचे. आणि साहेब सरकारी जीपने जायचे अन् बिल एस.टी.चे लावायचे, असेही व्हायचे. मग ते अंतर वजा करायचे.”

“त्यांना राग येत असेल.”

“यायचा की. पण मी भांडत नसे. तांबड्या शाईने दोनच शब्द लिहायचे, ‘वाहन पुरविले’. त्याच्यापुढे कोणाचे चालत नसे.” थोडा दम घेऊन त्या म्हणाल्या, “स्वतःचे बिल मात्र एकदाही लावले नाही. मला कुठे जायचे होते? घर ते कार्यालय, दीड किलोमीटर.”

हे त्यांनी कुठलीही तक्रार न करता, एखाद्या नोंदीतला तपशील सांगावा तसे सांगितले. मी हसलो. त्या वेळी मला ते गमतीचे वाटले.

वेळणेश्वरला समुद्र अगदी देवळाच्या पायाशी आला आहे असे वाटते. तिथे आम्ही पाणी प्यालो, पण थांबलो नाही. हेदवीला दशभुजा गणेशाच्या देवळाशी पोहोचलो तेव्हा पुढची मंडळी जेवून केव्हाच निघून गेली होती. बामणघळ पाहायची ताईंची इच्छा होती. खडकाच्या अरुंद भेगेत भरतीचे पाणी घुसून उंच उसळते, ते त्यांनी कुठेतरी वाचले होते. “वेळ होईल,” मी म्हणालो. त्यांनी मान हलवली आणि पोह्यांची बशी पुढे ओढली. आता आठवते ते असे की, त्या दिवशी मी त्यांना ‘नाही’ म्हणालो ते एकदाच नव्हे.

हेदवीनंतरचा चढ दुपारच्या उन्हातला होता. वर सड्यावर झाड म्हणून नाही. पिवळे पडलेले गवत, काळसर कातळ, मधूनच जांभ्या चिऱ्यांचा गडगा आणि या सगळ्यावरून तापलेला वारा. ताईंनी हा चढही संपवला. त्यांची पावले मी मागून मोजत होतो असे म्हटले तरी चालेल, इतके माझे लक्ष त्यांच्या टाचांकडे आणि मनगटावरच्या घड्याळाकडे होते. माथ्यावर पोहोचल्यावर त्या सायकलला टेकून उभ्या राहिल्या आणि बाटलीतले उरलेले पाणी त्यांनी तोंडावर मारले. खाली, बऱ्याच अंतरावर, जयगडच्या खाडीचे पाणी दिसत होते. तवसाळचा धक्का तिथून सात किलोमीटर होता. एक वाजून गेला होता आणि दीडची फेरी धरायची होती. ती चुकली तर पुढच्या फेरीची वाट पाहत धक्क्यावर बसणे भाग होते. ताईंच्या वेगाने सात किलोमीटरांना किती वेळ लागणार, हा हिशेब मी चढ चढतानाच करून ठेवला होता.

“ताई,” मी म्हणालो, “ऊन फार झाले आहे. इथून तुम्ही गाडीत बसा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण श्वास ठिकाणावर होता. हे मला दिसत होते.

“मला काही होत नाही, सर. चढ तर झालाच आहे.”

“उद्याही सायकल चालवायची आहे. त्रास झाला तर जबाबदारी माझी.”

मी ‘जबाबदारी’ हा शब्द वापरला. मालगुंड हा शब्द वापरला नाही. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आज गार्ड तुम्ही आहात. तुम्ही म्हणता तर बसते.” टेम्पो पुढे आला. चालकाने त्यांची सायकल उचलून पिशव्यांवर आडवी ठेवली. तिचे पुढचे चाक जरा वेळ मोकळेच फिरत राहिले आणि ताईंनी हात लावून ते थांबवले.

टेम्पो निघून गेला आणि त्या दिवसात प्रथमच रस्ता माझा एकट्याचा झाला. सड्यावरचे सपाट अंतर मी जीव तोडून कापले आणि मग तो उतार आला. वळणावळणाने खाडीकडे जाणारा, लांब, झाडांच्या सावल्यांतून उतरणारा. तो उतार मला फार आवडला हे लपवण्यात अर्थ नाही. पाच दिवसांत असा उतार लागला नव्हता. दोन वळणे घेऊन झाल्यावर माझ्या लक्षात आले की, हा उतार ज्या चढाचा होता तो चढ ताई पायी चालून चढल्या होत्या. त्यांना गाडीची गरज असलीच तर ती चढावर होती. चढ त्यांच्या वाट्याला ठेवून उतार मी काढून घेतला होता. ब्रेक लावावेत असे त्या क्षणी वाटले होते का, हे मी पुढे अनेकदा स्वतःला विचारले आहे. लावले नाहीत एवढे खरे. दीडची फेरी मला मिळाली.

फेरीबोटीवर दोन मोटारी, काही मोटारसायकली, माशांच्या टोपल्या घेतलेल्या तीन बायका, आमचा टेम्पो आणि मी. एरवी ताई बोटीवर सायकल धरून उभ्या राहत. त्या दिवशी त्यांचे हात रिकामे होते. त्या कठड्याशी उभ्या राहून शास्त्री नदीचे पाणी समुद्राला मिळते तिकडे पाहत होत्या. मी जवळ जाऊन जयगडच्या किल्ल्याविषयी काहीतरी सांगितले. त्यांनी नीट ऐकून घेतले. पलीकडचा धक्का जवळ आला तेव्हा त्यांनी चालकाला हाक मारली, “दादा, माझी सायकल आता काढून द्या.” सायकल खाली आल्यावर त्यांनी साखळी जागेवर आहे का ते पाहिले, हँडल सरळ केले आणि बोटीचा लोखंडी फळा खाली पडताच त्या ती ढकलत सर्वांच्या आधी बाहेर पडल्या.

जयगडच्या चढावर एका चहाच्या दुकानाबाहेर अर्धी मंडळी पसरली होती. एकाच्या मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या होत्या आणि त्या बसवण्याचे काम रमतगमत चालू होते. “एवढी घाई कशाला केलीत?” आमच्या म्होरक्याने मला विचारले. “आम्ही तासभर इथेच आहोत. पुढच्या फेरीने आला असतात तरी चालले असते.” मी काही बोललो नाही. ताई चहा पीत होत्या, त्यांनाही हे ऐकू गेले असणार.

मालगुंडला आम्ही चारच्या आधीच पोहोचलो. स्मारक उघडे होते. घाई न करता पाहता यावे म्हणून मी जो वेळ मिळवला होता, तो सगळा माझ्यापुढे होता. कौलारू घर, अंगण, शिळांवर कोरलेल्या कविता. मी एकेका शिळेपुढे उभा राहिलो. त्या कविता मला पाठ होत्या, वर्गात मी त्या चांगल्या म्हणतो असे विद्यार्थी सांगतात. श्रमणाऱ्या माणसाच्या तोंडून बोलण्याचे धैर्य या कवीने मराठी कवितेत आणले, हे वाक्य मी वीस वर्षे उत्तरपत्रिकांत तपासत आलो होतो. त्या दुपारी मात्र एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नजर जाईना. वीस मिनिटांत माझे पाहून झाले आणि मी फाटकाशी येऊन उभा राहिलो.

ताईंचे पाहणे मात्र चालूच होते. त्या प्रत्येक शिळेपाशी थांबत आणि लेखनिकाच्या सवयीने अक्षरांवरून बोट फिरवत वाचत. इतर मंडळी निघून गेली. मला निघता येत नव्हते, कारण त्या मागे होत्या आणि मी गार्ड होतो. पाऊण तासाने त्या आल्या.

“हे मास्तर होते ना, सर?”

“हो. जन्मभर मास्तरकी केली.”

“कुठे कुठे?”

“मुंबईत काही शाळांत, मग खानदेशात भडगाव, फैजपूर, शेवटी धारवाड. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले. चाळिशीही पुरी झाली नव्हती.”

“म्हणजे घरापासून लांबच,” त्या म्हणाल्या, आणि सायकलवर बसताना जरा हसून म्हणाल्या, “यांचे बिल तपासायला मला आवडले असते.”

मालगुंडपासून गणपतीपुळे फार लांब नाही. समुद्र उजव्या हाताला होता आणि सूर्य त्याच्यावर उतरत होता. ताईंच्या मागे वीस हातांवर मी सायकल चालवत होतो. माझ्या मागचा तांबडा दिवा सकाळपासून लुकलुकत होता. त्याची बॅटरी क्षीण झाली होती. एका वळणावर मी थोडा पुढे झालो आणि म्हणालो, “ताई, दुपारी मी तुम्हाला...”

“ऊन होतेच की, सर,” त्या म्हणाल्या, आणि पुढून एस.टी. येत होती म्हणून त्यांनी मला हाताने मागे राहण्याची खूण केली.

रात्री जेवणानंतर मंडळाची वही फिरली. जाड पुठ्ठ्याची, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलेली ही वही रोज सगळ्यांकडे जाई. प्रत्येकाने आपल्या नावापुढे दिवसाचे अंतर लिहायचे आणि सर्वजण मुक्कामी सुखरूप पोहोचल्याबद्दल शेवटी गार्डने सही करायची. वही माझ्याकडे सर्वांत शेवटी आली. सोळा नावे होती. बहुतेकांच्या पुढे ६२ हा आकडा होता. एकाने त्याच्यापुढे उद्गारचिन्ह दिले होते, एकाने सायकलचे चित्र काढले होते. ताईंची नोंद नेहमीप्रमाणे तिरप्या, नेटक्या अक्षरात होती. फक्त त्या दिवशी त्यांनी कोणाकडून तरी तांबडे पेन मागून घेतले होते. ‘गुहागर ते गणपतीपुळे. एकूण ६२. वजा ७, वाहन पुरविले. निव्वळ ५५.’

खाली सहीची जागा कोरी होती. मी माझ्या नावापुढे ६२ लिहिले आणि सही केली.